पंख वाळेपर्यंत

इंद्रवेल्लीच्या बाजारात मी वांगी तोलत होते, तेव्हा मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन आला. "माय गेली," एवढंच म्हणाले. मला वाटलं पडल्या असतील, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नाई. भेंडीत बसली होती, बांधाले टेकून. मले वाटलं काई पाहून राह्यली... म्हनून मी आवाजच देला नाई." माझ्या सासूबाई कौसाबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या अशा गेल्या. तराजू आवरताना मला रडू आलं आणि त्याच्या मधूनच हसूही आलं. त्यांच्या लेकाचं काहीच चुकलं नव्हतं. आत्याबाई वाफ्यात बसलेल्या दिसल्या की हाक मारायची नाही, असा आमच्या घरचा कायदाच होता. समोरचा किडा उडून गेला की त्या दुपारभर फुगून बसत.

बाजारहत्नूरजवळच्या या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा मला चांगली सून ठरायची भारी हौस. अंगण, भांडी, भाजीला पाणी... घटकाभर टेकत नसे. एका दुपारी आत्याबाईंनी मला हाताला धरून लिंबाखाली बसवलं आणि मुंग्यांची रांग दाखवली. मला वाटलं, आता कष्टावर ऐकावं लागणार. मीच आधी म्हटलं, "किती काम करतात ना!" त्या खुदकन हसल्या. "नीट पाय. हिनं दाना उचलला. बाकीच्या काय करून राह्यल्या?" मी वाकून पाहिलं. बऱ्याचजणी रिकाम्याच हिंडत होत्या. समोरून कोणी आली की थांबायच्या, तोंडाला तोंड लावायच्या आणि पुढं निघायच्या. "गोठी करून राह्यल्या," आत्याबाई म्हणाल्या. "तरी त्याईचं घर चालते. मंग तूच काऊन येवढी पयून राह्यली?" सासूनं मला रिकामं बसायला लावलं, हे माहेरी सांगितलं तर कुणाला खरं वाटेना.

त्यांचं सगळंच बरोबर निघायचं असं मात्र मुळीच नाही. एका वर्षी चवळीवर मावा पडला. मालक फवारणीचा पंप घेऊन निघाले, तर आत्याबाई वाफ्यात आडव्या उभ्या. शेंड्यांवर लाल ठिपकेवाले किडे आले होते आणि ते मावा खात होते. "पाहुने जेवाले बसले अन् तू त्याईच्या ताटात जहर टाकतं?" मायलेकांची चांगलीच जुंपली. शेवटी चवळी आत्याबाईंच्या नावावर सोडून मालक वांग्यांकडे गेले. आत्याबाई रोज सकाळी जाऊन पाहुण्यांची खबर घेत. पाहुणे जेवले, पण मावा त्यांच्यापेक्षा जोरात वाढला आणि चवळी काळी पडून गेली. आता या तोंड लपवतील असं आम्हाला वाटलं. त्या मात्र मूठभरही शेंगा नसलेला पदर झटकत घरी आल्या आणि लेकाला म्हणाल्या, "त्याईचं पोट लहान, मले काय मालूम!" मालक इतक्या दिवसांचा राग विसरून असे हसले की भाकरीचा घास हातातच राहिला.

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं, ते वर्ष मला सांगायला अजून जड जातं. अंगानं मी उठले होते, पण मन कशातच नव्हतं. चुलत सासू रोज येत. कधी म्हणत, आता शेतात धाडा, कामानं दुःख विसरते. कधी म्हणत, लवकर दुसरं होऊ द्या. मला दोन्ही ऐकवत नसे. एका सकाळी आत्याबाई मला पाण्याच्या मोटारीजवळच्या हौदावर घेऊन गेल्या. पाण्यातून वर आलेल्या लव्हाळ्याच्या काडीला एक मळकट किडा घट्ट धरून होता. त्याची पाठ उकलली होती आणि आतून एक ओला, फिकट चतुर बाहेर येत होता. पंख चुरगळलेल्या कापडासारखे. तो पुरा बाहेर आला आणि... बसून राहिला. मी म्हटलं, "उडत का नाही?"

"आंग कवळं हाये आतां. पंख वाळू देते. आतां कोनं हात लावला तर जलमभर वाकडे राहतीन."

आम्ही दोघी तिथंच बसलो. ऊन अंगावर येईपर्यंत ते पंख ताणले गेले, काचेसारखे झाले. मग तो उडाला, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. त्या संध्याकाळी चुलत सासू आल्या, तशा आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या. "जाऊबाई, तिचे पंख वले हायेत. तुमी आतां येऊ नका." त्यांना काही कळलं नाही. गावभर झालं की कौसाबाईच्या सुनेला पंख फुटले! मी आतून ऐकून हसत होते आणि रडत होते. पुढं किती दिवस आत्याबाईंनी मला कशाला जुंपलं नाही, कुणाला बोलू दिलं नाही. मग एक दिवस मी आपणहून विळा घेऊन वाफ्यात गेले. त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि शेजारची जागा दाखवली. आमची लेक त्यानंतर झाली. आज ती बासरला शिकते.

तेरवी झाल्यावर माझी नणंद रुखमाताई म्हणाली, मायच्या साड्या वाटून घेऊ. आत्याबाईंच्या खोलीत त्यांची लोखंडी पेटी आहे. किल्ली लावली तर आत जाईना. पाहतो तर कुलपाच्या भोकात माती लिंपलेली, बोटानं चोपडल्यासारखी गुळगुळीत. कुंभारमाशीनं तिथं घर केलं होतं. मालकांनी माती उकरायला खिळा आणला. रुखमाताईनं त्यांचा हात धरला. "राहू दे भाऊ. आत लेकरू असन." मालक खिळा घेऊन तसेच उभे राहिले, मग हसू दाबत बाहेर गेले.

रुखमाताई साड्या न घेताच सासरी गेली. रोज सकाळी तिचा फोन येतो, "निंगालं का?" मी आत्याबाईंच्या खोलीत जाते, पेटीपुढं बसते, वाकून बघते... आणि सांगते, "नाही ताई, अजून नाही."