देवळीच्या तीन फेऱ्या

आंबाडीच्या ओल्या पानांचा आंबूस, हिरवट गंध बंद गाडीत किती दिवस रेंगाळतो, तुम्हाला ठाऊक आहे? माझ्या जुन्या गाडीच्या आसनांना तो कायमचा चिकटला होता. आंजीला आईच्या अंगणात आंबाडी होती आणि देवळीची तिची थोरली बहीण, माझी मावशी, त्या भाजीवर जीव टाकायची. दर पंधरवड्याला मी नालवाडीहून निघावे, आंजीतून आईला घ्यावे आणि जुडी मांडीवर धरून बसलेल्या तिला मावशीच्या दारात उतरवावे, हा आमचा शिरस्ता. बसची पायरी तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हती.

गाडी माझी नव्हती, भाडेकरारावर घेतलेली. करारात किलोमीटरांची मर्यादा होती. मुदत भरली, पण तिच्या बदली ठरलेली नवी गाडी काही कारखान्यातून निघेना. कंपनीने उदार होऊन महिने वाढवून दिले, किलोमीटर मात्र तेवढेच ठेवले! ओलांडले तर दंड. तो दंड मला डोईजड नव्हता, हे आज लाज वाटत असूनही सांगतो. आखून दिलेल्या रेषेच्या आत राहण्याची माझी खोडच जन्माची. उरलेले किलोमीटर अडीनडीला असू द्यावेत, असे म्हणत मी पहिली फुली मारली ती देवळीवर.

आमच्या घरी नव्या वाहनाची पहिली फेरी सर्वांत थोरल्या माणसाची असते. त्या मानाचे आमिष मी आईला दाखवले आणि ती भाबडी हुरळून गेली. फोनवर मावशीला सांगायची, "बाई, नवी गाडी येऊन राह्यली. पयली फेरी तुयाकडंच." आठवडे लोटले, गाडीच्या तारखा पुढे पुढे सरकत राहिल्या. आंबाडीची पाने जून झाली, तिला फिकट पिवळी फुले आली, फुले गळून बोंडे वाळली. ऋतू का कुणाच्या कराराला बांधलेला असतो?

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा अंगणात नुसत्या काड्या उभ्या होत्या. त्या दिवशी मी किलोमीटरच्या आकड्याकडे एकदाही पाहिले नाही. सुसाट निघालो, तर शेजारी बसलेली आई हलकेच म्हणाली, "सावकाश चालव बापू. आता कायची घाई?" तिचे हात रिकाम्या मांडीवर होते. अडीनडीसाठीच जपले होते ना मी ते किलोमीटर? मग दोन म्हाताऱ्या बहिणींची भेट ही अडनड आहे, हे मला का दिसू नये?

पुढच्या महिन्यात जुनी गाडी परत केली. तपासणाऱ्या गृहस्थांनी आकडा वाचून कौतुक केले, "लय जपून चालवली साहेब. तीनशे किलोमीटर वाचले न तुमचे!" तीनशे! देवळीच्या तीन फेऱ्या होत्या त्यात. आणि ते नव्या करारात धरायचे नव्हते, तशी सोयच नव्हती. मी मान डोलावली आणि सही केली.

नवी गाडी घेऊन थेट आंजीला गेलो. ठरल्याप्रमाणे आईला पुढे बसवले. आत कोऱ्या प्लास्टिकचा वास होता, दुसरा कसलाच नाही. तिने पदर सावरला, समोरच्या रस्त्याकडे पाहिले आणि विचारले, "कुठी जाच आता?"

पुऱ्या कराराचे किलोमीटर माझ्यापुढे शिल्लक होते, आणि मला एकही गाव सुचले नाही.