लाल तारेची खूण

सकाळी सातला फोन वाजला की नाव बघायची गरज नसायची. दादाच असायचा. "विजय, आज येशूनं वादळ शांत केलं तो भाग वाचला. उठलास ना?" एवढं बोलून ठेवून द्यायचा. तब्येत कशी, जेवलास का, काही नाही. बारा वर्षं हा क्रम चुकला नाही. रविवारी तरी झोपू देत जा, म्हणून मी कितीदा त्याच्यावर वैतागलो असेन! सव्वा महिन्यापूर्वी एका मंगळवारी तसाच सातला फोन वाजला आणि सवयीनं मी म्हटलं, "हो, उठलोय रे बाबा." पलीकडे दादाची मुलगी रूथ होती. "काका... पपा प्रार्थनेला बसले होते. ते उठलेच नाहीत..."

माझा थोरला भाऊ शांतवन. आम्ही नायगावच्या चाळीतले मराठी ख्रिस्ती. वडिलांनी मोठ्या हौसेनं हे नाव ठेवलं खरं, पण शांतपणा त्याच्या वाट्याला फार उशिरा आला. तरुणपणी तो भडक डोक्याचा होता. पाणी भरण्यावरून भांडायचा, कॅरममध्ये हरला तर सोंगट्या उधळायचा. मात्र कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दादा लिफ्ट मेकॅनिक होता. गिरगाव आणि दादरच्या जुन्या इमारतींमधल्या जाळीच्या दारांच्या लिफ्टा त्याच्याकडे होत्या. खाली उभं राहून नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, तिसऱ्या मजल्याचं दार घासतंय. लोक त्याला 'लिफ्टवाले डॉक्टर' म्हणायचे आणि मला त्याचा भाऊ म्हणून चहा मिळायचा. प्रत्येक इमारतीत लिफ्टचं एक रजिस्टर असे. तक्रार काय, कारण काय, उपाय काय, असे तीन रकाने आणि खाली मेकॅनिकची सही. दादाचं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याच्या सहीवर कोणी शंका घेत नसे.

देवाधर्माच्या बाबतीत आम्ही दोघे भाऊ नाताळपुरते ख्रिस्ती होतो. नवे कपडे, गाणी, करंज्या... झालं. आमच्या घरात शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचायची ती सुशीलावहिनी. रोज सकाळी स्टोव्हवर चहा ठेवला की ती मोठ्यानं वाचायची, आणि दादा दाढी करता करता "आवाज जरा कमी" म्हणायचा. दादा निवृत्त झाला त्याच वर्षी वहिनी गेली. आठ-दहा दिवसांनी मी त्याच्याकडे गेलो, तर दाढी वाढलेला हा माणूस तिचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला. तिची केसांची पिन एका पानात तशीच होती. "निम्म्यात राहिलंय रे तिचं," तो म्हणाला. "एवढं संपवून टाकतो. तिला अर्धवट काम आवडायचं नाही."

तिचं राहिलेलं संपलं आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. रोज सकाळी साडेसहाला अर्धा अध्याय, मग प्रार्थना, मग मला फोन. चारी शुभवर्तमानं सहा महिन्यांत एकदा पुरी व्हायची. नुसतं वाचून त्याचं भागेना. एक लांब वही आणली, पट्टीनं तीन रकाने आखले आणि वर लिहिलं : वाचलं, अडलं, करायचं. तिसऱ्या रकान्यात जे लिहिलं ते पार पडलं की पुढे 'झालं', नाही तर 'बाकी'. मी पोट धरून हसलो होतो. "दादा, देवाची पण सर्व्हिसिंग करतोस का?" तो म्हणाला, "देवाची नाही रे, माझी." आणखी एकदा मी विचारलं, "तेच तेच काय वाचतोस? गोष्ट बदलते का?" त्यावर चष्मा पुसत म्हणाला, "लिफ्ट तरी कुठं बदलते? मग दर महिन्याला तपासायची कशाला?" मी चहा मागितला.

वाचन दोन वर्षांचं होत आलं तेव्हा एका रविवारी उपासना आटोपून तो परळला माझ्या घरी आला. जेवला नाही. पुस्तकातून बोटभर लांबीची एक लाल तार काढून त्यानं टेबलावर ठेवली. वहिनीच्या पिनेच्या जागी तो हीच तार खूण म्हणून वापरायचा, मला वाटायचं मेकॅनिकची लहर. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा सांगितलं. जाळीचं दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून दारात एक स्विच असतो. दुरुस्तीच्या वेळी दार उघडं ठेवून लिफ्ट चालवता यावी म्हणून तो तात्पुरता तारेनं जोडतात, आणि काम झालं की तार काढायची असते. तीस वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी, गिरगावच्या एका इमारतीत दादा तार काढायला विसरला. चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम होती आणि त्याला उशीर होत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडं असताना लिफ्ट चालली. आत पाय ठेवणाऱ्या एक आजी पडल्या, त्यांचा पाय मोडला. तपासायला दादालाच बोलावलं. त्यानं आपली तार बघितली, काढली, खिशात घातली आणि रजिस्टरात त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : दोष आढळला नाही. साहजिकच ठपका आला लिफ्टमनवर, दार नीट न लावल्याचा. सावंत त्यांचं नाव, लालबागचे. त्यांची नोकरी गेली.

"वेदीपाशी अर्पण घेऊन गेलेल्या माणसाला आठवतं," दादा म्हणाला, "की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काहीतरी आहे. तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा, असं आहे. मला जायला पाहिजे, विजय."

मी चिडलो. "तीस वर्षं झाली! आता कोणाला आठवतंय?"

"सावंतला आठवत असणार."

"आणि तुझ्या हाताखाली शिकलेले मेकॅनिक? तुला गुरू मानतात ते. सगळं नाव मातीत घालणार? देवाला सांगितलंस ना, माफी मागितलीस ना, मग पुरे झालं."

त्यानं तार उचलून परत पुस्तकात ठेवली. मग म्हणाला, "देवाला तर पहिल्यापासून माहीत आहे रे. त्याला सांगण्यात माझं काय गेलं?"

मी तेव्हा त्याला नकोच म्हणालो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

चार महिन्यांनी एका सकाळी सातला फोन आला. "आज लालबागला जातोय." मी त्याच्याबरोबर गेलो ते त्याला कोणी मारेल या भीतीनं. सावंत दारातच बसले होते, गंजीफ्रॉकवर, तांदूळ निवडत. दादा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. "सावंत, ती तार माझी होती," एवढंच त्याला बोलता आलं. सावंतांनी मान वर केली नाही. "माका म्हायत होतां," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी तू ती काढून खिशात घातलंस, ता मी बघलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"लिफ्टमनचा कोण ऐकता? तुझ्या रजिस्टरात 'दोष नाय' लिवलेला." मग त्यांनी ताट बाजूला सारलं. "आता माका सांगान काय उपेग? थय जाऊन सांग. माझो झील अजून म्हणता, बाबांच्या हयगयीन म्हातारेचो पाय मोडलो."

जिना उतरताना मी म्हटलं, "सुटलास. सांगून झालं." दादा म्हणाला, "तू ऐकलं नाहीस वाटतं. तिथं, त्या इमारतीत जाऊन सांग म्हणाला तो." त्यानं त्या इमारतीच्या सेक्रेटरींना गाठलं आणि वार्षिक सभेत पाच मिनिटं मागून घेतली. खाली मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या टाकीवरून चाललेली वादावादी, आणि मागच्या रांगेत सावंत व त्यांचा मुलगा, दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी. दादानं ती लाल तार सगळ्यांना दिसेल अशी धरली. "तुमच्या इथल्या आजींचा पाय या तारेमुळं मोडला. ती मी विसरलो. नंतर 'दोष आढळला नाही' असं लिहिलं, ते खोटं लिहिलं. सावंतांची काहीही चूक नव्हती." त्या आजींचा मुलगा, तोही आता सत्तरीचा, ताडकन उठला. "आई शेवटपर्यंत काठी घेऊन चालली! आणि तुम्ही आता येताय?" तो बरंच बोलला. तरुणपणी सोंगट्या उधळणारा माझा भाऊ हात जोडून सगळं ऐकत उभा राहिला, एका शब्दानंही स्वतःची बाजू मांडली नाही. सगळं शांत झाल्यावर सेक्रेटरींना म्हणाला, "हे सभेच्या वहीत लिहून घ्या. मी सही करतो." आणि सही केली. मागं सावंतांचा मुलगा मधल्या रिकाम्या खुर्चीवर सरकला आणि त्यानं वडिलांचा हात धरला. लहानपणापासून मला दादाचा अभिमान वाटायचा तो त्याच्या हातातल्या कसबाचा. त्या दिवशी माणसाचा वाटला.

त्यानंतर दर नाताळला करंज्यांचा डबा लालबागला जायचा आणि गणपतीत तिकडून मोदक यायचे. आजींच्या मुलानं मात्र कधी क्षमा केली असं म्हटलं नाही. दादा त्याचं नाव रोजच्या प्रार्थनेत घेत राहिला. चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाल्यावर तो दादरला रूथकडे राहायला गेला, तेव्हा सामानातून सगळ्यात आधी हातात घेऊन निघाला ते पुस्तक आणि वह्या. शिवडीच्या कबरस्तानात त्याला माती देताना सावंत मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आले होते. मूठभर माती टाकून म्हणाले, "मेकॅनिक बरो होतो."

मग स्मरणसभा झाली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब फार सुंदर बोलले. गिरगावची ती हकिगत सांगून म्हणाले, "धाकट्या भावानं थोरल्याला बळ दिलं, दोघं मिळून सत्याला सामोरे गेले." लोकांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. बाहेर पडताना कितीतरी जणांनी माझे हात हातात घेतले. मी मान खाली घालून सगळं घेतलं... एकदाही म्हटलं नाही, की अहो, मी त्याला जाऊ नको म्हणत होतो.

गेल्या आठवड्यात रूथनं पुस्तक आणि वह्या माझ्याकडे आणून दिल्या. "काका, पपांच्या सातच्या फोनचे मालक तुम्हीच." मी तो वेदीचा भाग शोधत गेलो. पहिल्या फेरीला दादानं 'अडलं' खाली लिहिलंय : काही नाही, चांगला भाग. दुसऱ्या फेरीला : डोळे दुखत होते, लवकर संपवला. तिसऱ्या फेरीला एकच शब्द : तार. चौथ्या फेरीला : जायचं कुठं ते कळलं, जाववत नाही. आणि पुढे पानंच्या पानं तिसऱ्या रकान्यात 'सावंत – बाकी', 'सावंत – बाकी'. त्याच ओळींपाशी हा माणूस चारदा आला, आणि दर वेळी थोडा अधिक आत गेला. माझ्या घरून परतलेल्या त्या रविवारची नोंदही सापडली. "विजय नको म्हणाला. माझ्या मायेपोटी म्हणाला. त्याच्यासाठी प्रार्थना." बारा वर्षं रोज फोन केला, पण हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

लाल तार अजून त्या मंगळवारच्या पानात आहे. दादानं वहिनीचं उचललं तसं मी तिथून पुढे वाचायला सुरुवात केली आहे. साडेसहाला वाचायला बसणं जमत नाही, सव्वासहाचा गजर लावून पावणेसातला कसाबसा बसतो. मग सातला रूथला फोन करतो. तीही माझ्यासारखीच वैतागते. वहीतल्या त्याच्या शेवटच्या ओळीखाली पहिल्या दिवशी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात मी 'करायचं'च्या रकान्यात लिहिलं होतं : स्मरणसभेत गप्प बसलो, ते सर्वांना सांगणे. पुढे आठवडाभर 'बाकी' लिहीत होतो. आज हे सर्वांनी वाचावं म्हणून लिहून पूर्ण केलं, आणि वही उघडून त्यापुढे लिहिलं : झालं.