बसायला जागा आहे

कंडक्टरबाईंना निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, पण त्यांच्या आवाजाला ते कुणी कळवलंच नव्हतं. सून ओट्याशी भाजी चिरत असली तरी बाई दारातून ओरडायच्या, "पुढे सरका, पुढे सरका, मागची माणसं लटकतायत!" मागे कुणीच नसायचं. स्वयंपाकघर एवढंसं, त्यात पुढे सरकलं की थेट भिंत. सून निमूट अर्धं पाऊल सरकायची. वाद घालण्यापेक्षा सरकणं सोपं, एवढं तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

बाईंनी सगळी नोकरी शहर बसमध्ये उभ्याने काढली. कंडक्टरची म्हणून एक सीट असते, पण तिच्यावर बाई बसल्याचं कुणाला आठवत नाही. कधी एखादी लेकुरवाळी दिसायची, कधी एखादा थकलेला म्हातारा, आणि बाई त्यांना तिथे बसवून मोकळ्या. गुडघे बिचारे नोकरी संपेपर्यंत गप्प राहिले आणि मग एकदम बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. चालणार कुठे? गल्लीत एका बाजूला स्कूटरी, दुसऱ्या बाजूला हातगाड्या, आणि मधे उरलेल्या वाटेवर कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे. हमरस्त्यावर काचेच्या भिंतींची व्यायामशाळा होती, पण तिची फी ऐकूनच छातीचा व्यायाम होत असे.

अशात शहराच्या आरोग्य खात्याने वस्तीत व्यायामाचा वर्ग काढला. जागा म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याची शेड. यंत्रं कधीच गेली होती, पण ती जिथे बसवली होती तिथले बोल्ट जमिनीतून अजून डोकं वर काढून होते. फी इतकी कमी ठेवली होती की लोकांना संशयच आला. एवढ्या स्वस्तात कुणी काही देत असेल तर त्यात नक्की काहीतरी गोम असणार, असं म्हणून माणसं दारातून डोकावायची आणि निघून जायची. बायकांचा प्रश्न वेगळाच होता. हातपाय वर करायचे, तेही चारचौघांत? शिकवायला आलेली मुलगी गुणी होती, ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून वेळेवर यायची आणि रिकाम्या शेडमध्ये जीव तोडून शिट्टी वाजवायची. वस्तीने तिचं नाव शिट्टीताई ठेवलं, पण तिच्याकडे कुणी गेलं नाही. खात्याचं म्हणणं सरळ होतं. हा वर्ग चालला तर अशा आणखी वस्त्यांत वर्ग काढू, नाही चालला तर शेड गोदामाला देऊ.

बाईंची सून औषधाच्या कारखान्यात खोकी भरायची. दिवसभर वाकून तिची पाठ धरलेली असायची. तिला वर्गाला जायचं होतं, पण एकटीने जायचा धीर होत नव्हता.

"आई, तुम्ही नुसत्या सोबत चला," ती म्हणाली. "करू नका काही. उभ्या राहा."

उभं राहण्यात बाईंचा हात कोण धरणार! त्या गेल्या. शेडमध्ये पाहतात तर शिट्टीताई, सून आणि एक मांजर. रिकामी गाडी कंडक्टरला बघवत नाही. बाई तडक कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक दिली, "चला, व्यायाम, व्यायाम! रिकामी गाडी! आत भरपूर जागा आहे!" कामावरून परतणारा एक सुतार काही विचार न करता आत शिरला आणि सुट्टे पैसे शोधायला लागला. त्याच्यामागून आणखी चौघं शिरली. काय चाललंय ते कळेपर्यंत त्यांचे हात वर गेले होते.

मग बाईंनी वर्ग ताब्यातच घेतला. त्यांच्या जुन्या ड्रायव्हरने भंगारात निघालेल्या बसची घंटा आणून दिली, ती त्यांनी तुळईला टांगली आणि खाली दोर सोडला. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बोल्ट चुकवून जमिनीवर खडूने गोल काढले, ज्याची त्याची जागा ठरली. दुसऱ्याच्या गोलात पाय पडला की बाईंची नजर अशी फिरायची की विनातिकीट सापडल्यासारखं वाटावं. वर्ग भरला. सुनेची पाठ मोकळी झाली. ती हल्ली खोकी भरताना गुणगुणते, असं तिच्या मैत्रिणीच सांगत.

एक गोष्ट मात्र बाईंनी आपल्या डोक्याने केली. खात्याने सुरुवातीलाच काही खुर्च्या पाठवल्या होत्या. पाहणीला येणाऱ्या बड्या मंडळींसाठी असणार, असं धरून बाईंनी त्या कोपऱ्यात एकावर एक रचल्या, चादर टाकली आणि वर पुठ्ठ्यावर लिहिलं, 'बसू नये'. गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त पोस्टमन काठी टेकत आले होते. त्यांनी विचारलं, "बसून काही करता येईल का हो?" बाई अगदी मायेने म्हणाल्या, "आजोबा, ही गाडी उभ्याची आहे." आजोबा मान डोलावून परत गेले. असे आणखीही काही जण परत गेले.

आणि बाई स्वतः? त्या दोराजवळ उभ्या. एकदाही वाकल्या नाहीत, एकदाही पाय उचलला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "कंडक्टरला काय प्रवासाला जायचं असतं?" घरचा जिना त्या उलट्या उतरायच्या, तोंड भिंतीकडे, दोन्ही हात कठड्यावर. गुडघा असा कमी दुखायचा. "मागून कुणी चढतंय का ते बघते," असं त्यावर त्यांचं स्पष्टीकरण होतं.

पाहणीचा दिवस उजाडला. खात्याच्या मॅडम आल्या, बाई त्यांना दारात घेऊन उभ्या राहिल्या आणि गोलांची पद्धत समजावू लागल्या. आत सगळ्यांचा डावा पाय वर गेलेला. तेवढ्यात मॅडमसाठी चहा घेऊन चहावाला सायकलवरून आला आणि दारात त्याने घंटी वाजवली. एकदाच. टण.

सगळा वर्ग जागच्या जागी थिजला, एका पायावर. शिट्टीताईने शिट्टी फुंकली, पण शिट्टीला विचारतो कोण? सुतार डुलायला लागला. शेजारची सुनेची मैत्रीण त्याला धरू पाहत होती आणि तीही डुलत होती. बाई आपल्या सांगण्यात गुंग. शेवटी सुतार कळवळून ओरडला, "अहो बाई, डबल मारा! पडलो!"

बाईंनी धावत जाऊन दोर दोनदा ओढला. सगळे पाय धपकन खाली आले. मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"हा वर्ग नक्की चालवतं कोण?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी बाईंकडे बोट दाखवलं, शिट्टीताईनेसुद्धा.

मॅडम म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला. कालव्यापलीकडच्या वस्तीत वर्ग काढायचाय, ताईंना तिकडे पाठवते. इथला वर्ग तुम्ही घ्या. मात्र नियम आहे, घेणाऱ्याने स्वतः करून दाखवायला हवं. पुढच्या आठवड्यात येऊन बघते. इथे माणूस तयार झाला तरच ताईंना सोडता येईल. आणि एकीकडे चालू करायला दुसरीकडे बंद, असं मला करायचं नाही."

टाळ्या वाजल्या. टाळ्यांच्या भरात बाई "हो हो, त्यात काय" म्हणून गेल्या, आणि आपण कशाला होकार दिला ते त्यांना घरी आल्यावर उमगलं. आपल्याला जमलं नाही तर तिकडचा वर्ग निघणार नाही. निघालाच, तर इकडचा जाईल, सुनेची पाठ पुन्हा धरेल आणि आपण पुन्हा खिडकीशी बसून रस्त्यावरच्या बस मोजत राहू. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जास्त टोचत होतं, ते त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं पाहून त्यांनी पाण्याच्या पिंपाला धरून बैठक मारली. खाली गेल्या त्या गेल्याच. वर येण्याचं काही चिन्ह दिसेना. सून कामावरून आली तेव्हा सासूबाई पिंपाला मिठी मारून जमिनीवर बसल्या होत्या.

"काही नाही गं, पिंपाच्या खालचं पुसत होते."

"फडकं कुठंय मग?"

बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मला यातलं काही येत नाही गं. माझा गुडघा वळतच नाही. कुणाला कळू दिलं नाही एवढंच."

सुनेने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. "आई, तुम्ही जिना उतरायला लागलात की अख्खी इमारत खाली थांबलेली असते. सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोललं नाही, कारण तुम्हाला बोलायची कुणाची टाप आहे?"

संध्याकाळी बाई शिट्टीताईपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडमना सांग, मला जमणार नाही. मला वाकता येत नाही."

"मग बसून घ्या," शिट्टीताई म्हणाली. "गुडघेवाल्यांचे सगळे व्यायाम बसूनच असतात. खुर्च्या त्यासाठीच तर आल्यात."

बाई चादरीखालच्या ढिगाकडे बघतच राहिल्या. "अगं, मग इतके दिवस तोंडाला कुलूप होतं का तुझ्या?"

"तुम्ही 'बसू नये' लिहिलंत. मला वाटलं, वरून काही सूचना आली असेल. आणि..." ती चाचरली, "मला तुमची भीती वाटते."

बाईंना काठी टेकत परत जाणारे आजोबा आठवले आणि लाजेने त्यांचे कान तापले. जन्मभर ज्या म्हाताऱ्यांना आपली सीट दिली, त्यांनाच आपण दारातून उतरवलं. त्यांनी पुठ्ठा काढून टराटरा फाडला. मग त्या पोस्टमनच्या घरी गेल्या, त्यांच्या दारच्या पायऱ्या एकेक करून चढल्या आणि त्यांच्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "आजोबा, माझी चूक झाली. गाडीत बसायला जागा आहे."

त्या आठवड्यात शिट्टीताईने त्यांच्याकडून रोज तालीम करून घेतली, आणि भीती वाटते म्हणणारी ती पोर गुडघ्याच्या बाबतीत चांगलीच कडक निघाली. कोपऱ्यावरची हाकही बदलली. "व्यायाम, व्यायाम! बसायला जागा आहे! बसायला!" ही हाक कुठल्या बसने कधी दिली नसेल. ज्यांना आजवर कुणी वर्गात पाहिलं नव्हतं ती माणसं हळूहळू बाहेर पडायला लागली, कुणी काठी घेऊन, कुणी नातीचा हात धरून.

मॅडम आल्या त्या दिवशी पुढे खुर्च्या, मागे उभ्याचे गोल, आणि समोर तोंड करून बाईंची खुर्ची. दोर सुनेच्या हातात होता. खुर्च्या भरून गेल्या होत्या आणि पोस्टमन आजोबांना यायला उशीर झाला. ते दारात दिसताच बाई सवयीने ताडकन उठल्या, म्हणजे त्यांच्या गुडघ्याला जमेल तेवढ्या ताडकन.

"या आजोबा, इथे बसा."

"आई," सून दोराजवळून म्हणाली, "ती कंडक्टरची सीट आहे. आजोबांना मी दुसरी आणते. तुम्ही बसा."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि त्या बसल्या. कशा बसल्या ते सांगायला हवं. आधी टोकावर, मग अर्ध्यावर, मग पाठ टेकून. त्यांचे डोळे भरून आले, आणि मॅडम बघतायत हे लक्षात येऊनही त्यांनी ते पुसले नाहीत.

पुठ्ठ्याची गोष्ट मॅडमच्या कानावर आली होती. त्या शिट्टीताईला हळूच म्हणाल्या, "तिकडच्या वस्तीत आधी खुर्च्या पाठवू. आणि त्यांच्यावर कुणाला काही लिहू देऊ नकोस."

आजोबा आपल्या खुर्चीत बसून काठी बाजूला ठेवत म्हणाले, "चला की हो बाई, आता कशाला थांबलाय?"

"सगळे बसले का?" बाईंनी विचारलं.

"बसले," सून म्हणाली, आणि तिने दोर दोनदा ओढला.