चोळलेलं कपाळ

“मग हो म्हणून कोण आलं? मी?” लेकीने कंगवा टेबलावर आपटला. “डॉक्टरांना तूच सांगितलंस ना, माझी मुलगी येईल म्हणून?”

“सांगितलं होतं,” आई म्हणाली. “आता नको म्हणतेय.”

आईचा डावा डोळा अर्धा मिटलेला होता. एकोणीस वर्षं ती त्वचेच्या दवाखान्यात काउंटरवर बसत होती. तिथली रीतच अशी, की कपाळाचे स्नायू थिजवून सुरकुत्या घालवणाऱ्या इंजेक्शनवर शिकाऊ डॉक्टर हात बसवायचे तो दर काही महिन्यांनी, सोमवारी, स्टाफच्या कपाळांवर. नाही म्हणायची सोय होती. पण नाही म्हणणारी बाई लवकरच मागच्या बिनखिडकीच्या फायलींच्या खोलीत दिसायची. हिने कधी नाही म्हटलं नाही. बावन्नाव्या वर्षी कपाळावर एक आठी नव्हती. पेशंट तिच्याकडे बघूनच तयार व्हायचे.

या खेपेला टोचून आली ती डोकं धरूनच. सासूबाईंनी बाम घेऊन कपाळ चांगलं रगडून दिलं. ‘चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही,’ असं पेशंटना दिवसातून वीसदा पढवणारी ही बाई त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गपगार पडून राहिली. किती वर्षांनी कुणी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता! औषध पसरून आठवड्याभरात पापणी खाली आली.

“चूक तुमची, ताई,” डॉक्टर म्हणाले. “दोन-तीन महिन्यांत उचलेल. तोवर मुलीला बसवा काउंटरवर. सोमवारी तिलाही टोचू. या वयात सुरू केलं की आठ्या पडायच्याच नाहीत.” फायलींच्या खोलीच्या धास्तीने तिने मान डोलावली होती.

“माझेच हात झडले असते तर बरं,” सासूबाई कोपऱ्यातून पुटपुटल्या.

“तुमचा काय दोष, आई,” ती सासूबाईंना म्हणाली.

“एका सुईने काय होतंय?” लेक म्हणाली. “सगळ्या घेतात. आणि तू तरी कुठे एवढी चिडलीयस? चेहरा बघ, कसा थंडगार.”

“चिडलेय. आता तोंडाने सांगावं लागतं.” आईचं कपाळ तसंच गुळगुळीत होतं. “तुझे बाबा गेले तेव्हा सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली! कपाळ हललंच नाही.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

“तुझं नाव खोडून आलेय,” आई म्हणाली. “उद्यापासून मी फायलींच्या खोलीत बसणार. कायमची. या घरातलं कुणी आता टोचून घेणार नाही.”