पाऊण रुपयाचं लंडन

"कितलाले पडस?"

मावशींच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघायचा. कुणी नवा कुकर आणला, कुणी नातवाचं जावळ केलं, कुणाचा पित्ताशयाचा खडा निघाला, सगळ्यांना हेच: केवढ्याला पडलं? उत्तर ऐकताना त्या अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवायच्या, ओठ हलायचे, आणि मग एकतर "बरं शे" म्हणायच्या किंवा नुसतं नाक उडवायच्या. मी शाळेत गणित शिकवलं, पण माझ्या जमाखर्चाला मावशींनी कधी "बरं शे" म्हटल्याचं मला आठवत नाही.

सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या समोरचं घर त्यांचं. त्या अमळनेरकडच्या. नवऱ्याबरोबर सुरतेला आल्या. तो लूमवर होता, मुलगी सातवीत असताना गेला. तेव्हापासून मावशी धागा कटिंग करायच्या. तुम्ही सुरतेची साडी नेसला असाल तर तिची मागची बाजू कधी निरखून पाहा. विणताना तिथे दोरे लोंबत राहतात. ते एकेक करून कुणीतरी कापलेले असतात. पर्वत पाटियाच्या कापडबाजारातून टेम्पो यायचा, साड्यांचं पोटलं टाकायचा, आणि मावशी ओट्यावर पाय पसरून, मांडीवर साडी घेऊन, अंगठ्याएवढ्या कटरने दोरे उडवत बसायच्या. एका दिवसात तीस साड्या. बघायच्या भलतीकडेच, आणि हात चालू. त्यांच्या केसांत, पदरावर, कधी कधी भाकरीवरसुद्धा रंगीत दोरे असायचे. मी एकदा तोंडातून गुलाबी दोरा काढला तर म्हणाल्या, जरीचा नाही ना, मग चालतंय.

त्यांची मुलगी जागृती माझी विद्यार्थिनी. महापालिकेच्या मराठी शाळेत आता पटही उरला नाही, पण तेव्हा वर्ग भरलेला असायचा. अभ्यासक्रमात नसली तरी मी मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी म्हणून घ्यायची. बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन. मुलं कुरकुरायची. जागृती मात्र खड्या आवाजात म्हणायची, आणि घरी दोरे कापता कापता मावशीही तिच्याबरोबर म्हणायच्या. चौथीत सुटलेली शाळा त्यांनी अशी ओट्यावर बसून भरून काढली.

जागृती नर्स झाली आणि कर्ज काढून इंग्लंडला गेली. लंडनपासून दोन तासांवरच्या गावात तिचा दवाखाना होता, पण आमच्या गल्लीपुरतं ते लंडनच. रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. मावशी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवायच्या, कटर चालूच, आणि पहिला प्रश्न: "तठे दूध कितलाले पडस?" मग कांदे, मग फ्लॉवर, मग खोलीचं भाडं.

मी एकदा रागावले. म्हटलं, मावशी, पोर सात समुद्रापलीकडे, तिची तब्येत तरी विचारा. त्यांनी कटर खाली ठेवला. तो फार क्वचित खाली ठेवला जायचा.

"तब्येत पुसी ते 'बरी शे' इतलंच सांगस ती. भाव पुसा का मंग समजस, पोर खास का नही."

पोर पोटभर खाते की नाही ते भावावरून कळतं, हे मला पटलं. तेव्हापासून मीही रविवारी आमच्या ओट्यावरून भाव ऐकायला लागले.

पहिले सहा महिने मावशी फार सुखात होत्या. सगळ्या गल्लीला सांगायच्या की लंडनसारखी सस्ताई कुठे नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करताना लंडनचे दाखले द्यायच्या. जागृतीला म्हणायच्या, "खाय वं माय, दोन टाइम दूध पी, द्राक्षं आन, तठे सस्ताई शे." ती पोरगी बिचारी हसून हो म्हणायची. त्यांना एकच गोष्ट खटकायची, तिथे कोथिंबीर विकत घ्यावी लागते ती. आमच्याकडे भाजीवाला मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या वरून फुकट टाकतो. ज्या देशात कोथिंबिरीचे पैसे मागतात तिथले लोक लग्नात आहेर तरी कसा करत असतील, असा त्यांना प्रश्न होता.

दिवाळीला महिना होता. मावशी धावतच माझ्याकडे आल्या. जागृती येणार होती. तिने तिकिटाचं विचारलं आणि मावशींनी एका दमात "ये" म्हणून सांगितलं. सांजोऱ्यांचा रवा किती आणायचा, लिंबायतला राहणाऱ्या पुतण्यांना जेवायला कधी बोलवायचं, सगळं ठरत होतं. मी सहज विचारलं, तिकीट केवढ्याला पडलं?

"साडेचारशे रुपया," त्या म्हणाल्या. "दर दिवाळीले यी ती आते."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग हळूहळू उलगडा झाला. जागृती म्हणायची पाउंड, आणि मावशींना ऐकू यायचं पाऊण. दूध दीड पाऊण, म्हणजे सव्वा रुपयासुद्धा नाही. तिकीट सहाशे पाऊण, म्हणजे साडेचारशे रुपये. इंग्रजांचं सगळं पाऊणातच चालतं, अशी त्यांची समजूत. जागृती जे पाठवायची ते थेट बँकेत जाऊन कर्जापोटी कापलं जायचं, त्यामुळे रुपयांचा आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर कधी आलाच नव्हता. हिशोब बिनचूक होता. मीच शिकवलेली पाऊणकी होती.

मी हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण मी पोट धरून हसले. आणि मग माझ्यातली शाळेची बाई जागी झाली. चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पाउंड म्हणजे काय, तो किती रुपयांचा, हे मी त्यांना कागदावर लिहून समजावलं. तिथे पगारही पाउंडांतच मिळतो हेही सांगितलं. पण ते त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही. अंगठा पेरांवर फिरत होता. एक पाउंड म्हणजे शंभर रुपये, म्हणजे त्यांच्या तीस साड्या. तीस साड्या म्हणजे एक दिवस.

"सहाशे दिन," त्या म्हणाल्या.

घरी जाऊन त्या कामाला बसल्या आणि त्या दिवशी त्यांच्या हातून साडीला छेद गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. रविवारी फोनवर त्यांनी जागृतीला सांगितलं, औंदा येऊ नको, पुढला साल दखू. कारण दिलं नाही. मी समोर ओट्यावर होते. जागृती नुसतं बरं म्हणाली.

त्यानंतर मावशींच्या जगात रुपये उरले नाहीत, दिवस उरले. फ्लॉवर, दोन दिवस. जागृतीने केस कापले, बारा दिवस. खोलीचं एका महिन्याचं भाडं त्यांनी काढलं तेव्हा बोटं पुन्हा पहिल्यापासून मोजली. तिला महिनाभर राहायला यांना वर्षापेक्षा जास्त दोरे कापत बसायला लागत होतं. "खाय वं माय" बंद झालं. आता म्हणायच्या, "जपीसन खर्च कर."

जागृती हुशार. तिने भाव उतरवून सांगायला सुरुवात केली. मला एकदा वेगळा फोन करून म्हणाली, "बाई, मी मम्मीला सगळं निम्म्याने सांगते. नाहीतर ती जेवत नाही." मी हे मावशींना सांगितलं नाही. भावावरून पोर जेवते की नाही ते कळतं, हा त्यांचा एकच भरवसा होता, तो मी कशाला मोडू? एकदा खरं सांगून काय झालं ते मी पाहिलं होतं.

दुसरी दिवाळी गेली. तिसरी गेली. दर वेळी जागृती विचारायची आणि मावशी अंगठा पेरांवर फिरवायच्या. त्या सांजोऱ्या करायच्याच, आणि जागृतीच्या वाटच्या आमच्याकडे आणून द्यायच्या. मी खायची.

मग होळीच्या सुमाराला त्यांचं पोट दुखायला लागलं. मी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यकृतात गाठ आहे, फार दिवस नाहीत, मुलगी असेल तर बोलावून घ्या. मी बाहेर आले तर मावशी बाकावर बसून मांडीवरच्या पदराचे दोरे चिमटीने काढत होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा केवढ्याला पडलं ते विचारलं नाही.

रिक्षात त्यांनी माझा हात धरला. "जागृतीले सांगानं नही, बाई. ती उठी नि यी जाई. सहाशे दिन शेतस ते. मनाकडे आते सहाशे नहीत."

त्यांनी मला कानबाई देवीची आण घातली. मी ती मानली. मला आण मोडता आली असती. मी गणिताची बाई, मला देवीची एवढी भीती नाही. पण मला वाटलं, एकदा मी नको तिथे खरं बोलले, आता या बाईचा शब्द राखावा. माणूस जुनी चूक भरून काढायला जातो आणि नवी करतो.

त्या रविवारी मावशी आडव्या पडून होत्या म्हणून फोन मी धरला होता. जागृती म्हणाली, "बाई, मम्मी बारीक दिसते." मी म्हटलं, उन्हाळा आहे गं, सुरतेचा. मावशींनी लगेच दुधाचा भाव विचारला. जागृतीने निम्मा सांगितला. मावशींनी बोटं मोजली आणि "बरं शे" म्हणाल्या. मी दोघींच्या मधे फोन धरून उभी होते.

वैशाखात त्या गेल्या. सकाळी पोटलं आलं होतं, टेम्पोवाल्याला परत पाठवायचं भान कुणाला नव्हतं. लिंबायतच्या पुतण्यांनी अग्नी दिला. जागृती तिसऱ्या दिवशी पोचली.

आल्यावर ती रडली, मग रडणं थांबलं आणि ती ओट्यावर बसून राहिली. मी चहा नेला. माझ्यावर ती चिडेल, ओरडेल, अशी माझी तयारी होती. ती म्हणाली, "बाई, माझ्याकडे तिकिटाचे पैसे पहिल्या वर्षापासून बाजूला होते. पहिल्या दिवाळीला तर मी तिकीट काढलंही होतं. ती 'ये' म्हणाली तेव्हा इतकी खूश होती. मग चार दिवसांत असं काय झालं की नको म्हणाली? मी किती विचार केला. मी आलेली तिला नको होती का?"

अडीच वर्षं ती हे पोटात घेऊन तिथे राहिली होती. मला वाटलं होतं, तिकीट महाग म्हणून आई नको म्हणते, हे तिला कळलं असेल.

मी तिला सगळं सांगितलं. पाउंड आणि पाऊण. लंडनचं सव्वा रुपयाच्या आतलं दूध. मी हसले ते. कागदावर लिहून समजावलं ते. आणि दवाखान्यातलं, रिक्षातलंही. शेवटी तिचे ओठ हलले, शाळेत हलायचे तसे.

"सहाशे पाऊणे साडेचारशे," ती म्हणाली. "मम्मीला वाटलं साडेचारशे."

"आणि म्हणून दर दिवाळीला ये म्हणाली," मी म्हटलं. "तू तिला हवीच होतीस गं. रवासुद्धा आणला होता तिने."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मी तिला जवळ घेतलं. तिच्या अंगाला दवाखान्याच्या साबणाचा वास येत होता. तिने मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाला पोटलं न्यायला आला. जागृतीने त्याला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. मावशींचा कटर तांदळाच्या डब्याशेजारी होता. ती पाय पसरून ओट्यावर बसली, मांडीवर साडी घेतली आणि कापायला लागली. सवय नव्हती, दोरे निसटत होते, बोटाला फोड आला. मी दोनदा जेवायला बोलावलं. ती उठली नाही.

ऊन उतरलं तेव्हा तिने साड्यांच्या घड्या मोजल्या. दहा झाल्या होत्या.

"बाई," ती म्हणाली, "मला एक पाउंड व्हायला तीन दिवस लागतील."

आणि तिने अकरावी साडी मांडीवर ओढली.