फुगवट्याखालची कबर

कॉलेजातल्या मुलांनी नगरजवळ कयाक चालवायला कुठं जाता येईल याची चौकशी सुरू केली. भंडारदरा लांब पडतं, मुळा धरणावर परवानगीची कटकट, असं सगळं बोलून झालं. मग मी जरा चाचरत म्हणालो, "आमच्या शेवगावकडं जायकवाडीचा फुगवटा आहे, धरणाचं मागं पसरलेलं पाणी. वारा नसेल तर पाणी एकदम शांत असतं." आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. चारचौघांत बोलताना अजून जीभ अडखळते. तरी या वेळी माझं ऐकलं गेलं आणि रविवार ठरला.

घरी फोनवर सांगितलं, तर अब्बांनी एवढंच विचारलं, "त्या होडीत म्हातारं माणूस बसतं का?"

ते का विचारत होते ते मला लगेच कळलं. आमचं जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा गाव वर हललं, कब्रस्तान खालीच राहिलं. अब्बांची आई तिथं आहे. ते अगदी लहान असताना ती गेली. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की अब्बा चालत जायचे, हातानं गाळ बाजूला करायचे, उशाचा काळा दगड धुवायचे आणि फातिहा पढायचे. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर गेलो आहे. पण गेली काही वर्षं पाणी तेवढं उतरलंच नाही. अब्बा गवंडीकाम करायचे. आता गुडघे धरतात, थोडं चाललं की दम लागतो. एक अडचण ते कुणाला बोलून दाखवत नसत. पाणी आटू दे, अशी दुआ कशी मागायची? सगळ्या गावाचा ऊस त्याच पाण्यावर.

रविवारी मुलं जीपच्या टपावर दोन कयाक बांधून आली. अब्बा आधीच काठावर उभे होते, धुतलेला पायजमा घालून.

"काका, पोहता येतं ना?" एकानं विचारलं.

"न्हाई बा. भिंती बांधता येत्यात."

सगळे हसले. लाइफ जॅकेटचे पट्टे ओढले, तसे अब्बा म्हणाले, "नवरदेवागत आवळलं की रं मला." मग कयाककडं बघून, "ह्ये तर घमेलंच हाय, वढून लांब केल्यालं."

ते पुढं बसले, मी मागं. वल्हं मीही त्या सकाळीच पहिल्यांदा हातात धरलं होतं. सुरुवातीला ते सांगत होते, "डाव्या अंगाला घे. व्हय, असंच." मग ते काठाकडं बघायचे, पुन्हा पाण्याकडं. कबरीपर्यंतची वाट त्यांना चालूनच माहीत होती. आधी विहिरीचा कठडा लागायचा, तिथून उजवीकडं ढासळलेली भिंत, भिंतीच्या टोकाला ती. वरून सगळं पाणी सारखंच दिसत होतं.

"थांब," त्यांनी हात वर केला.

"इथं आहे?"

"पुढं असंल, न्हाईतर मागं. आन् आपुन वरच असलो तर?"

मी वल्हं उचलून मांडीवर आडवं धरलं. कबरीवर पाय पडू द्यायचा नाही, हे आमच्याकडं चालायला लागल्यापासून शिकवतात. कब्रस्तानात अब्बा माझं बोट धरून कडेकडेनं न्यायचे. इथं कड कुठली, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

त्यांनी खिशातली टोपी काढून घातली, हात उचलले आणि पढायला लागले. तेवढ्यात वारा सुटला. कयाक हळूहळू फिरायला लागली, सरकायला लागली. मला कळत होतं, पण वल्हं पाण्यात घालायचा धीर होईना. पढून झाल्यावर अब्बांनी तोंडावरून हात फिरवले तेव्हा आम्ही पाणी उपसायच्या मोटारींपाशी आलो होतो.

"सुरू कुठं केलं हुतं मी?"

मी बोट दाखवलं. मलाही नक्की ठाऊक नव्हतं.

"तिथं न्हाई वाटत," ते म्हणाले.

"परत जायचं का, अब्बा?"

"नको. किती येळा कुनाकुनाच्या वरनं जायाचं."

काठावर मुलं खूश होती. "काका, जागा एक नंबर आहे! आम्ही दर महिन्याला येणार."

"या की," अब्बा म्हणाले. मग मुलं जॅकेटं काढायला लागल्यावर मला हळूच म्हणाले, "खाली काय हाय ते सांगू नको त्यास्नी. पोरं हायेत, खेळू दे."

मुलांनी डबे उघडले, आम्हालाही हाक मारली. अब्बा आले नाहीत. ते काठाच्या ओल्या चिखलात वाकून बघत होते, पाणी किती मागं सरलंय ते. बराच वेळ बघितलं.

"अजून लई हाय," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात टेकून चढ चढायला लागले.