छप्पर पाहून घेतलेली जीप

जीप विकत घेताना मी तिचं छप्पर तपासलं होतं, आणि छपरात एकही खोट नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या हकिकतीत मला अभिमान वाटावा अशी तेवढीच एक गोष्ट आहे.

इंदूरच्या एका मिलमध्ये मी बावीस वर्षं कापड तपासत होतो. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची आणि विणणाऱ्याच्या जिवाला घोर लावायचा, हे माझं काम. एका सकाळी मिलच्या फाटकाला कुलूप दिसलं. बाजार खुला झाला होता, टीव्हीवर रोज नवी मोटार चमकत होती, आणि मी घरी बसून बायकोच्या पोळ्यांचे काठ तपासत होतो. तीन दिवस तिने सहन केलं. चौथ्या दिवशी लाटणं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या, आता बिना खोटीची करून दाखवा." (ती पोळी शेवटी गाईनेही खाल्ली नाही.)

माझी बायको सुनंदा देपालपूरच्या पुढच्या एका खेड्यात शिक्षिका. बस देपालपुरात सोडायची, तिथून सहा किलोमीटर काळ्या मातीची वाट. ती, तिच्या मुख्याध्यापिका दिघेबाई आणि आणखी दोघी शिक्षिका रोज ती वाट कधी ट्रॅक्टरवर, कधी पायी तुडवायच्या. हजेरीपटात उशिराचे लाल शेरे वाढत चालले होते. एक दिवस दिघेबाई घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "साठेजी, एखादी फोर-व्हीलची जीप घ्या न. आम्ही चौघी महिन्यावर लावू."

"नक्की?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ट्रायल. साडेदहाच्या आत शाळेत पोचवलं, तो काम तुमचं. नाही तो नमस्कार."

लाटण्यापासून सुटायचा एवढा एकच रस्ता मला दिसत होता. त्यामुळे सियागंजच्या बाजारात एका दोर-ताडपत्रीच्या व्यापाऱ्याकडे जुनी जीप विकाऊ आहे, असं कळताच मी निघालो.

"अहो, मिस्त्रीला तो सोबत न्या," सुनंदा म्हणाली.

"बावीस वर्षं खोटच काढली आहे मी."

"कापडाची."

"खोट ती खोट," मी म्हणालो आणि चप्पल घातली.

जीप दुकानामागे उभी होती. तिच्यावरचं ताडपत्रीचं छप्पर पाहिलं आणि माझा जीव तिथेच अडकला! खिशातून मी धागे मोजायचं भिंग काढलं. (मिल सुटली तरी भिंग सुटलं नव्हतं.) उभे धागे मोजले, आडवे मोजले, शिवण ओढून पाहिली. व्यापारी जरा बावरला. पूर्वीची गिऱ्हाइकं चाकाला लाथ मारत होती, हा माणूस सीटवर चढून छपराला डोळा लावून उभा होता.

"क्यूं भिया, क्या दिख रिया है?" त्याने विचारलं.

"दोषरहित," मी म्हणालो.

"ताडपत्री तो अपने घर की है साब. और ये देखो, फोर-व्हील का डंडा." त्याने सीटजवळचा एक दांडा खट्‌कन पुढे ओढून दाखवला. आवाज भारदस्त होता. इंजिन मी पाहिलं नाही असं कुणी म्हणू नये. झाकण उघडून पाहिलं, ते जागेवर होतं.

जीप घेतली आणि दुसऱ्या दिवशी अब्बास मिस्त्रीकडे नेली, म्हणजे त्याने तारीफ करावी म्हणून. तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मग खालूनच बोलू लागला.

"साब, पीछे से ऑइल टपक रिया है. चेसिस में जंग इत्ती, के उंगली घुस जाए. बिरेक नाम के हैं. और स्टेरिंग ऐसी, के इंदौर में घुमाओ तो गाड़ी महू में मुड़े."

"और छप्पर?" मी विचारलं.

"छप्पर एक नंबर," तो बाहेर येत म्हणाला. "पन वो फोर-व्हील का डंडा शोभा का है. अगले पहियों को ताकत देने वाला शाफ्ट ही नी है. किसी ने निकाल लिया."

म्हणजे इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना. पुढची दोन चाकं वरातीतल्या पाहुण्यांसारखी, सोबत येणार पण कामाला हात लावणार नाहीत. आठवडाभरात त्याने ब्रेक आणि स्टिअरिंग दुरुस्त केलं, गळती थांबवली, चेसिसला पत्रा जोडला आणि माझ्याकडून गाडी चालवायची उजळणी करून घेतली. मी सराव करताना सुनंदा मागे बसून सगळं बघायची. शाफ्ट मात्र मिळाला नाही. "जूना माडल है, टाइम लगेगा," तो म्हणाला.

"घर पे मत बोलना," मी त्याला सांगितलं. थंडीचे दिवस होते, वाट कोरडी असणार. तो दांडा कशाला जोडलेला नाही हे कुणाला कळतंय?

सोमवारी चौघींना घेऊन निघालो. देपालपूरपर्यंत जीप अशी गेली की मी छपराची माहिती सांगायला मोकळा होतो. दिघेबाईंनी दोनदा "हो का" म्हटलं. मग काळ्या मातीची वाट लागली, आणि शाळा किलोमीटरभर उरली असताना समोर चिखल! कुणाच्या तरी गव्हाला पाणी सोडलं होतं आणि ते पाणी पाटाऐवजी रस्त्याने निघालं होतं. मी जीप घातली. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि गाडी अर्धं चाक खाली बसली.

"लावा न आता ते फोर-व्हील," दिघेबाई म्हणाल्या. घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

मी अत्यंत गंभीर चेहरा करून दांडा पुढे ओढला. खट्‌. गाडी आणखी खाली गेली. मागे घेऊन पुन्हा ओढला. खट्‌. दिघेबाईंच्या पदरावर चिखल उडाला.

"अहो," सुनंदा हळूच म्हणाली, "पुढची चाकं तो हलतच नाही आहेत."

शेवटी मी सांगून टाकलं, "शाफ्टच नाही. दांडा नुसता आहे." बावीस वर्षं मी विणकरांचे पडलेले चेहरे पाहिले होते. तो चेहरा आतून कसा वाटतो हे त्या दिवशी कळलं, आणि त्या सगळ्यांची माफी मागावीशी वाटली.

एवढ्यात बांधावरून एक शेतकरी बैलजोडी घेऊन आला. "कईं हुयो बेनजी, फँसी गई?" म्हणत त्याने पुढे दोर बांधला. "एक जणो पाछे से धक्को दो."

चार बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पँट दुमडून उतरलो.

"सुनंदा, तू चालवायला बस," दिघेबाई म्हणाल्या.

"मी तो फक्त लुना चालवली आहे."

"बेनजी, थे तो हेंडल सीधो राखजो," शेतकरी म्हणाला. "बाकी म्हारा बैल जाणे."

बैलांनी ओढलं, मी ढकललं, सुनंदाने पाहून पाहून पाठ केलेला पहिला गिअर टाकला, आणि जीप सपकन बाहेर! शेतकऱ्याने दोर सोडला. मी तोंडावरचा चिखल पुसेपर्यंत आतून आवाज आला, "थांबवू का?"

"थांबवू नकोस," दिघेबाई म्हणाल्या. "सव्वादहा झाले."

जीप पहिल्याच गिअरमध्ये गुरगुरत, सरळ रेषेत, निघून गेली. मागे उरलो आम्ही चौघे: शेतकरी, दोन बैल आणि मी.

मी शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना होऊन पाढे सुरू झाले होते. दिघेबाई ओट्यावर उभ्या होत्या.

"साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना सह्या झाल्या," त्या म्हणाल्या. "जीप पक्की. चालवणार सुनंदा."

"आणि मी?"

"तुम्ही तो रोज लागालच. रस्ता पाहिला न?"

अशी मला नोकरी लागली. मागची दोन चाकं इंजिन चालवायचं. पुढच्या चाकांचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी मागून करत असे. वर्षभराने अब्बास मिस्त्री शाफ्ट घेऊन घरी आला. सुनंदाने तो उलटसुलट करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि त्याला परत देऊन टाकला.

"राहू द्या भिया," ती म्हणाली. "मिल तो बंद झालीच आहे. आता हा बसवला, तर ह्यांची हीपण नोकरी जाईल."